पेनकिलरची सवय सोडायचीय? ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, कोडीनवाल्यांसाठी पहिल्यापासून

दारू सोडण्याबद्दल मराठीत ढीगभर वाचायला मिळतं, पण डॉक्टरनेच लिहून दिलेल्या गोळीची सवय लागली तर काय करायचं हे सांगणारं फार कमी सापडतं. आणि ज्याला सवय लागलीय त्याला स्वतःलाच पटत नसतं की हे व्यसन आहे, कारण तो ना गुत्त्यावर जातो ना कुठे कोपऱ्यात बसून काही ओढतो, तो बिचारा मेडिकलमधून कंबरदुखीची गोळी आणतो, बस. आमच्याकडे माझ्या दिराचं हे झालं. मणक्याची गादी सरकली, ट्रामाडॉल सुरू झालं, दुखणं कमी झालं पण गोळी काही कमी होईना, शेवटी दिवसाला एक स्ट्रिप. मी डॉक्टर नाहीये, पण ओपीडीच्या बाकड्यांवर आणि फॅमिली मीटिंगांमधे बसून जे कळलं ते नव्याने यात पडलेल्यांसाठी लिहितेय. डोस वगैरे तुमचा डॉक्टरच ठरवणार, ते इथे शोधू नका.

तसे आपण एकटे नाही. केंद्र सरकारने दिल्लीच्या एम्सकडून करून घेतलेला सर्वे २०१९ मधे आला, त्यात देशात साधारण २ कोटी २६ लाख लोक अफूच्या जातीचं काही ना काही घेतात असं निघालं आणि त्यातला मोठा भाग गोळ्या-सिरपवाल्यांचा आहे. ज्या राज्यांत याचा त्रास असलेले लोक जास्त आहेत त्यात महाराष्ट्र आहे, म्हणजे हा फक्त पंजाबचा विषय नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, बाकी सगळं तिच्याभोवतीच फिरतं. सगळे जण पहिल्या आठवड्याची तयारी करतात, अंग दुखेल, झोप येणार नाही, कसं सहन करू वगैरे. तो आठवडा निघून जातो हो. पण गोळी तुमच्या आयुष्यात कुठलंतरी काम करत होती, आणि गोळी गेली तरी ते काम तसंच पडून राहतं, ते कोण करणार हे ठरवलं नसेल तर दोन महिन्यांनी माणूस परत त्याच काउंटरवर उभा.

आधी स्ट्रिप वाचा

ब्रँडचं नाव सोडा, खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते बघा. ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, कोडीन, पेंटाझोसिन, ब्युप्रेनॉर्फिन, मॉर्फिन यापैकी काही असेल तर ते अफूच्या जातीचं औषध, ज्याला ओपिऑइड म्हणतात. डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन ही वेगळी जात, त्यांनी किडनीची आणि पोटाची वाट लागू शकते पण हा लेख त्यांच्यासाठी नाही. बरेच लोक "पेनकिलर" म्हणून सगळं एकाच डब्यात टाकतात आणि मग डॉक्टरला नीट सांगताच येत नाही.

पोटात मुरडा आला की घ्यायच्या काही कॅप्सूल असतात त्यातही ट्रामाडॉल असतं, लोकांना माहीतच नसतं. पूर्वी त्यात डेक्स्ट्रोप्रोपॉक्सिफिन असायचं, त्यावर २०१३ मधे सरकारने बंदी आणली. खोकल्याच्या काही सिरपमधे कोडीन असतं. आणि हे फार कमी लोक सांगतात, आयुर्वेदिक दुकानात मिळणाऱ्या कामिनी विद्रावण रसातही अफू असते, त्यामुळे "मी आता सगळं सोडून आयुर्वेदिकवर आलोय" असं म्हणणारा माणूस कधीकधी तीच गोष्ट दुसऱ्या डबीतून खात असतो.

दुसरं बघायचं ते म्हणजे सोबत काय आहे. ट्रामाडॉलच्या बऱ्याच गोळ्यांमधे ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल घातलेलं असतं. दिवसाला १५ गोळ्या खाणारा माणूस जवळजवळ ५ ग्रॅम पॅरासिटामॉल खातोय, आणि धडधाकट माणसाची वरची मर्यादा ४ ग्रॅम, दारू पिणाऱ्याची त्याहून कमी. म्हणजे तो इकडे नशेची काळजी करतोय आणि तिकडे लिव्हर चाललंय. इतक्या गोळ्या होत असतील तर पहिल्या भेटीतच लिव्हरची टेस्ट करून द्या असं स्वतःहून म्हणा.

मग एका कागदावर खरा आकडा लिहा. डॉक्टरने लिहिलेला नाही, घरच्यांना सांगितलेला तर नाहीच नाही, पोटात जाणारा. कुठल्या पॉवरची, दिवसाला किती, किती महिने, सोबत दारू किंवा झोपेची गोळी आहे का. हा कागद ओपीडीत न्यायचा. तिथे आकडा कमी सांगितला तर औषध कमी पडतं, त्रास होतो, आणि मग "यांच्या औषधाने काही होत नाही" म्हणून माणूस पळून येतो.

गोळी तुमचं काय काम करते ते लिहा

त्याच कागदाच्या मागे. दिवसभरातली प्रत्येक गोळी कशासाठी घेतली ते चारपाच दिवस लिहून बघा. दिराच्या कागदावर सकाळची पहिली "अंग हलत नाही म्हणून", दुपारची "गिऱ्हाईकांशी बोलायला मूड लागतो", रात्रीची "झोप". कंबर त्यात एकदाच आली होती. कुणाला ट्रकवर जागं राहायला लागते, कुणाला उभं राहून राहून पाय भरून येतात म्हणून, कुणाला शीघ्रपतनासाठी मित्राने सुचवलेली असते (हे खूप असतं, फक्त कोणी बोलत नाही), कुणाला नुसतं डोक्यातलं बंद करायला.

प्रत्येक कामाला वेगळा माणूस लागतो. कंबरेला फिजिओथेरपिस्ट, झोपेला आणि डिप्रेशनला सायकियाट्रिस्ट, शीघ्रपतनाला त्याची वेगळी साधी औषधं आहेत आणि ती लाज सोडून मागितली की मिळतात. आणि नाईट शिफ्टला कदाचित शिफ्टच बदलावी लागेल.

दुखण्याबद्दल एक महत्त्वाचं. ही औषधं खूप दिवस घेतली की शरीर उलट दुखण्याला हळवं होतं, आणि डोस उतरायला लागला की सगळं अंग ठणकतं. माणसाला वाटतं जुनं दुखणं परत आलं, बघा मला गोळी लागतेच. तर त्यातलं बरंचसं दुखणं हे गोळी उतरल्याचं असतं, जुनं नसतं, ते काही आठवड्यांत खाली येतं. मूळ दुखणं खरोखर किती उरलंय ते त्यानंतरच कळतं, त्यामुळे त्या आठवड्यांत एमआरआय काढायला धावू नका.

उद्यापासून बंद, असं करू नका

आपल्याकडे निर्धाराचं फार कौतुक. देवासमोर शपथ घ्यायची, स्ट्रिपा गटारात टाकायच्या आणि खोलीत कोंडून घ्यायचं. काही लोक त्यातून निघतातही. पण खालच्यापैकी काही असेल तर हा प्रयोग घरी करायचाच नाही:

- ट्रामाडॉलचा डोस मोठा असेल, म्हणजे दिवसाला ४०० मिलिग्रॅमच्या वर, किंवा आधी कधी फिट आली असेल. ट्रामाडॉल घेतानाही फिट येते, आणि ते अचानक सोडल्यावर नेहमीच्या त्रासाशिवाय घबराट, मुंग्या, क्वचित भास असंही होतं, कारण हे औषध डिप्रेशनच्या गोळ्यांसारखंही काम करत असतं.
- सोबत अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारखी झोपेची-घबराटीची गोळी किंवा रोजची दारू असेल. ओपिऑइड सोडताना माणूस हैराण होतो, पण या दोन गोष्टी अचानक सोडल्या तर जिवावर बेतू शकतं.
- बाई गरोदर असेल. अचानक बंद केलं तर बाळाला धोका असतो, तिथे डॉक्टर सहसा बदली औषधावर स्थिर ठेवतात. सासूला काय वाटेल ते नंतर बघू.
- हार्ट, लिव्हर, किडनीचा त्रास, किंवा आधी जीव द्यायचा विचार आलेला असेल.

कुठे जायचं

सगळ्यात सोपं म्हणजे १४४४६ वर फोन लावा, ती केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची फुकट हेल्पलाइन आहे, जवळचं केंद्र विचारा. मन फार बिघडलं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६, तिथे मराठीत बोलता येतं.

जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याची ओपीडी असते. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत, त्यामुळे पैशाचं कारण तिथे तरी नको. मुंबईत केईएम, नायर, जेजे, पुण्यात ससून इथे मानसोपचार विभाग आहेत, गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था. राहून उपचार घ्यायचे तर पुण्यात येरवड्याचं मुक्तांगण सगळ्यांना माहीतच आहे, डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मधे पुलं आणि सुनीताबाईंच्या मदतीने सुरू केलेलं. मुंबई-वसईकडे फादर ज्यो परेरांचं कृपा फाउंडेशन.

राहायचं की घरून करायचं? माझं मत, घर शांत असेल, एक माणूस सोबत थांबू शकत असेल आणि सोबत दारू-झोपेच्या गोळ्या नसतील तर ओपीडीतून होऊ शकतं. घरातच भांडणं असतील किंवा मेडिकल बिल्डिंगच्या खालीच असेल तर महिना-सव्वा महिना बाहेर राहिलेलं बरं. मात्र कुठलंही केंद्र निवडताना जाऊन बघा. सायकियाट्रिस्ट खरंच येतो का, नोंदणीचं सर्टिफिकेट भिंतीवर आहे का, घरच्यांना भेटू देतात का. मारहाण करणारी, साखळीने बांधणारी, रात्री गाडी पाठवून उचलून नेणारी केंद्रं आहेत आणि हताश घरचे लोक त्यांना पैसे देतात. मानसिक आरोग्य कायदा २०१७ प्रमाणे साखळीने बांधायला बंदी आहे आणि केंद्राला नोंदणी सक्तीची आहे.

"पोलिसांत नाव जाईल का" हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. ट्रामाडॉल २०१८ पासून एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलंय त्यामुळे भीती साहजिक आहे. पण उपचाराला आलेल्या पेशंटची माहिती गुप्त ठेवायची असते, आणि त्याच एनडीपीएस कायद्यात कलम ६४-अ आहे, सेवनाचा किंवा थोडासा माल जवळ बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला तर त्याच्यावर खटला न चालवण्याची ती सोय आहे. उपचार अर्धवट सोडले तर मात्र ती सूट काढून घेता येते.

औषधांचे तीन रस्ते

एक, तीच गोळी हळूहळू कमी करत आणायची. दर एकदोन आठवड्यांनी थोडी, शेवटी शेवटी अजून हळू. घाई झाली की बिघडतं. यात गोळ्या स्वतःकडे ठेवायच्या नाहीत, घरच्या एकाने रोजच्या रोज मोजून द्यायच्या. आमच्याकडे ते काम माझ्याकडे आलं, नवऱ्याकडे नाही, कारण भावाभावांत लगेच शब्दाने शब्द वाढायचा आणि भावजी माझ्याशी तेवढं भांडू शकत नव्हते. घरात असा माणूस बघा ज्याच्याशी जुना हिशेब नाही.

दोन, ब्युप्रेनॉर्फिन. जिभेखाली ठेवायची गोळी, बहुतेकदा नॅलोक्झोन (ओपिऑइडचा असर उलटवणारं औषध) घातलेली, मान्यताप्राप्त केंद्रातच मिळते, साध्या मेडिकलमधे नाही. हीसुद्धा अफूच्याच जातीची, पण हळू आणि लांब काम करते, तलफ आणि त्रास दोन्ही बसतात, माणूस कामावर जाऊ शकतो. सुरू करताना एकच पथ्य, शेवटच्या गोळीनंतर त्रास नीट सुरू झाल्यावरच पहिली घ्यायची, आधी घेतली तर एकदम जोरात टर्की, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास, लागते, त्यामुळे शेवटची गोळी कधी घेतली ते डॉक्टरला खरं सांगा. घरचे म्हणतात एक व्यसन सोडून दुसरं लावलं. मला हे पटत नाही. रोज मोजून, डॉक्टरच्या देखरेखीखाली, नशा न होता घेतलेलं औषध आणि दिवसभर स्ट्रिपच्या मागे धावणं एकच कसं? जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध २००५ मधेच अत्यावश्यक यादीत घातलंय. महिनोन्महिने, काहींना वर्षंही लागतं, आणि लवकर बंद करायचा हट्ट बहुतेक वेळा घरच्यांचाच असतो.

तीन, वॉर्डात किंवा ओपीडीत लक्षणांची औषधं घेऊन पूर्ण बंद करायचं आणि नंतर नॅल्ट्रेक्सोनची गोळी. ती घेतलेली असताना ओपिऑइड चढतच नाही. सात ते दहा दिवस पूर्ण कोरडे, म्हणजे एकही ओपिऑइड न घेता, गेल्याशिवाय सुरू करत नाहीत. ही रोज कुणीतरी समोर बसून दिली तरच उपयोग, स्वतःच्या भरवशावर लोक चौथ्या दिवशी विसरतात, मुद्दाम.

टर्कीचे दिवस

ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, कोडीनचं साधारण अर्ध्या-एक दिवसात सुरू होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात वाईट, आठदहा दिवसांत शरीराचं बरंचसं उतरतं. जांभया, नाकाडोळ्यातून पाणी, अंगावर काटा, घाम, पोटात कळ, जुलाब, आणि पायांची अशी तगमग की कुठे ठेवू कळत नाही. फ्लू झाल्यासारखं, वर बेचैनी.

घरी करत असाल तर ओआरएस, भाताची पेज, ताक, मऊ खिचडी, घोटघोट पण सतत. गरम पाण्याने दिवसातून दोनतीनदा अंघोळ, पायांना बरं वाटतं. झोप येणार नाही हे धरूनच चाला, रात्री कुणीतरी जागं असलं तर पत्ते खेळा, मॅच लावा. जुलाबासाठी लोपेरामाइड सांगितलं असेल तर सांगितलं तेवढंच, जास्त घेतली की त्रास कमी होतो असं वाचून लोक मुठीने खातात आणि हार्टचे ठोके बिघडतात. फिट, भास, छातीत दुखणं, पोटात पाणीसुद्धा न टिकणं यातलं काही झालं तर घरात थांबायचं नाही, दवाखाना.

या दिवसांत कोणतेही मोठे निर्णय नकोत, दुकान विकतो, बायकोला माहेरी पाठवा, असलं सगळं माणूस बोलतो. ऐकायचं आणि पेज पुढे करायची.

वाटा बंद करणं

हे त्या आठवड्यातच उरकून टाका, नंतर राहून जातं.

गाडीची डिकी, जुनी बॅग, देव्हाऱ्यामागे, कपाटावर, ऑफिसचा ड्रॉवर, सगळीकडे लपवलेल्या गोळ्या शोधून काढा. "इमर्जन्सीला एक स्ट्रिप असू दे" असं वाटेल, तीच स्ट्रिप खाल्ली जाते. घरातल्या दुसऱ्या कुणाला ऑपरेशननंतरच्या म्हणून दिलेल्या असतील त्याही काढा. जुन्या चिठ्ठ्या म्हणजे प्रिस्क्रिप्शन, त्यांचे मोबाईलमधले फोटो, ऑनलाइन औषधांचं अ‍ॅप, त्या मेडिकलवाल्याचा आणि गोळ्या आणून देणाऱ्या पोरांचा नंबर, हेही सगळं काढून टाका. ट्रामाडॉल, कोडीनसारखी औषधं शेड्यूल एच-वन मधे येतात, दुकानदाराने वेगळ्या रजिस्टरमधे डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव लिहून विकायची असतात. घरच्यांपैकी कुणीतरी जाऊन नेहमीच्या मेडिकलमधे शांतपणे सांगा की यांना हे द्यायचं नाही, रजिस्टरचा उल्लेख केला की बहुतेक दुकानदार ऐकतात.

पैसे. पहिले तीनचार महिने यूपीआय घरच्यांकडे आणि खिशात रोजच्या खर्चापुरतंच. अपमान वाटतो, पण पेशंटने स्वतःहून सांगितलं तर अपमान निम्मा होतो. पगाराच्या दिवशी एकट्याने घरी यायचं नाही.

घरच्यांसाठी, मेडिकलमधे मिळणारी लघवीची नशेची साधी पट्टी ट्रामाडॉल आणि टॅपेंटाडॉल सहसा पकडत नाही, त्यामुळे "निगेटिव्ह आली म्हणजे घेतली नाही" हेही खरं नाही आणि त्यावरून पोलिसगिरी करण्यातही अर्थ नाही. टेस्ट करायचीच तर डॉक्टरला सांगून त्याच औषधाची करा. रोज खिसे तपासल्याने माणूस सोबर होत नाही, फक्त लपवायला शिकतो.

नंतरचे महिने, जिथे खरं गाडं अडतं

शरीर सुटलं, घरी पेढे वाटले, आणि मग एक पोकळ काळ येतो. झोप तुटक, कशात मजा नाही, चहासुद्धा फिका लागतो, दुपारी अंग गळून जातं. हे काही आठवडे ते काही महिने चालतं, मेंदूला स्वतःचं रसायन परत बनवायला वेळ लागतो. हे होणार आहे असं आधी सांगितलेलं नसेल तर माणूस समजतो की गोळीशिवाय आयुष्य हे असंच असणार, मग कशाला. सांगून ठेवा. आणि फारच काळं वाटायला लागलं तर डॉक्टरला कळवा, डिप्रेशनवर वेगळा उपचार होतो. फक्त तुम्ही ट्रामाडॉलवर होतात हे सांगा, कारण डिप्रेशनची काही औषधं आणि ट्रामाडॉल एकत्र पोटात गेली तर धोका असतो.

मघाचा कागद आता बाहेर काढा. दिराची सकाळची गोळी "अंग हलत नाही" ची होती, तिच्या जागी फिजिओने सांगितलेले कंबरेचे व्यायाम, वीस मिनिटं, रडतखडत. दुपारच्या मूडवाल्या गोळीला काही केल्या पर्याय सापडेना, शेवटी दुपारी दोन तास दुकानावर दुसरं कुणीतरी बसायचं असं ठरलं आणि ते घरी येऊन पडायचे. फार शास्त्रीय नाही, पण चाललं. रात्रीच्या झोपेला सगळ्यात जास्त वेळ लागला.

तलफ येते ती लाटेसारखी, साधारण पंधरा मिनिटं ते अर्धा तास, मग ओसरते. त्या अर्ध्या तासाचा प्लॅन आधी लिहून मोबाईलच्या स्क्रीनवर ठेवा. कुणाला फोन, तो नाही उचलला तर कुणाला, कुठे चालत जायचं (मेडिकल लागणार नाही असा रस्ता, हसू नका, हे बघावं लागतं). भूक, राग, एकटेपणा, थकवा, तलफ आली की आधी या चारपैकी काय आहे ते तपासा, निम्म्या वेळा जेवण राहिलेलं असतं.

रिलॅप्स, म्हणजे परत व्यसनाकडे वळणं, गोळी तोंडात टाकल्यावर सुरू होत नाही, दोनतीन आठवडे आधीच सुरू झालेलं असतं. फॉलोअप चुकवणं, "आता मला ग्रुपची गरज नाही", छोट्या छोट्या गोष्टींत खोटं, जुन्या मित्राशी "सहज" बोलणं, दुखण्याबद्दल दिवसभर बोलत राहणं. घरच्यांना हे आधी दिसतं. दिसलं तर आरोप नको, "फॉलोअपला मीपण येते" एवढं पुरे. नार्कोटिक्स अ‍ॅनॉनिमस या व्यसन सोडणाऱ्यांच्याच ग्रुपच्या मीटिंगा मुंबई-पुण्यात होतात, ऑनलाइनही असतात, तिथे गोळ्यावाल्यांना सुरुवातीला वाटतं आपण या ब्राउन शुगरवाल्यांत कुठे बसायचं. बसा. चार मीटिंगांनंतर फरक वाटत नाही.

आणि अदलाबदल सांभाळा. ट्रामाडॉल सुटलं म्हणून रात्री दोन पेग, किंवा झोपेला अल्प्राझोलाम. नसांच्या दुखण्याला प्रीगाबालिन देतात, चांगलं औषध आहे, पण त्याचीही सवय लागते, त्यामुळे लिहून देणाऱ्या डॉक्टरला आपली हिस्ट्री माहीत हवी.

घेतली गेली तर

स्लिप होते, बऱ्याच जणांची होते. एक गोळी गेली म्हणजे सगळं वाया गेलं असं मानून लोक त्याच संध्याकाळी अख्खी स्ट्रिप खातात, आणि जीव जातो तो इथे. काही आठवडे कोरडे गेले की शरीराची सहन करायची ताकद उतरलेली असते, पूर्वी पचायचा तो डोस आता श्वास बंद करू शकतो, सोबत दारू किंवा झोपेची गोळी असेल तर जास्तच. त्यामुळे घरच्यांनी आणि पेशंटने हे शांत असतानाच ठरवून ठेवायचं, स्लिप झाली तर त्याच दिवशी एका ठरलेल्या माणसाला सांगायचं, ओरडा नाही, दुसऱ्या दिवशी डॉक्टर. नॅल्ट्रेक्सोन मधेच सोडलं असेल तर हा धोका अजून वाढतो.

माणूस हलवून उठत नाही, श्वास फार सावकाश किंवा घुरघुरता, ओठ-नखं निळी, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, असं दिसलं तर "झोपू दे, उतरेल" करू नका. १०८ लावा, काय खाल्लंय ते स्पष्ट सांगा, रिकामी स्ट्रिप सोबत द्या. श्वास चालू असेल तर कुशीवर झोपवा, तोंडात पाणी-लिंबू-ताक काही घालायचं नाही. श्वास थांबला तर तोंडाने श्वास द्या, कसा ते फोनवर विचारा. यावरचं औषध नॅलोक्झोन, ते दवाखान्यात मिळतं, आणि त्याचा असर गोळीच्या आधी उतरू शकतो म्हणून शुद्धीवर आला तरी लगेच घरी आणायचं नाही.

पुढच्या वेळी खरंच दुखलं तर

दाढ काढायची वेळ येणारच, कधी मुतखडा, कधी अ‍ॅक्सिडेंट. वर्षभर सोबर असलेली माणसं इथे घसरतात, कारण या वेळी गोळी पुन्हा डॉक्टरच देतो आणि मनाला परवानगी मिळते.

डेंटिस्टला किंवा सर्जनला खुर्चीत बसायच्या आधीच सांगायचं, "मला ट्रामाडॉलची सवय होती, आता बंद आहे, दुसरं काही चालेल का?" दाढेला बहुतेक वेळा आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉलवर भागतं, पोट-किडनी ठीक असेल तर. बाहेरच्या डॉक्टरकडे हे बोलायला जीभ रेटत नसेल तर आपल्या सायकियाट्रिस्टकडून दोन ओळींची चिठ्ठी घेऊन पाकिटात ठेवा, बेशुद्ध पडलात तरी ती सापडते. ब्युप्रेनॉर्फिन किंवा नॅल्ट्रेक्सोन चालू असेल तर हे भुलीच्या डॉक्टरला कळणं फारच गरजेचं, नाहीतर ऑपरेशनच्या वेळी दुखणं कमी करायचं औषध लागूच पडत नाही. ठरलेलं ऑपरेशन असेल तर दोन्ही डॉक्टरांचं आधी एकमेकांशी बोलणं करून द्या.

मोठ्या ऑपरेशनला ओपिऑइड लागलंच तर ते घ्यायचं, व्यसन होतं म्हणून हाड मोडल्यावर तसंच तळमळायचं असा नियम नाही. फक्त किती दिवस ते आधी ठरवायचं, चिठ्ठीवर तारीख टाकून घ्यायची, गोळ्या दुसऱ्याने मोजून द्यायच्या, उरलेल्या त्याच आठवड्यात घराबाहेर, आणि त्या दिवसांत फॉलोअप महिन्याने नाही तर दर आठवड्याला.